बेंबीवरचा ढब्बू

थुंकी लावून नाणं पुसणाऱ्या माणसाची मला शिसारी येते. गुरुपादप्पा माझ्या दुकानात आला, माझ्याच गादीवर मांडी घालून बसला, पानानं लाल झालेलं बोट जिभेवर फिरवलं आन् तेच बोट तांब्याच्या एका जुन्या ढब्बू पैशावर घासून मला म्हणला, "बघ आक्का, ओळख." मी म्हणले, "आधी ते खाली ठेवा. मी दुसऱ्याच्या थुंकीला हात लावत न्हाई." तर हसला. दात असे की बघू नये.

मी नीलम्मा. लातूरच्या गोलाईत आमचं भांड्यांचं दुकान. मालक गेल्यापासून तराजू माझ्याच हातात हाय. लोक आज्ज्याची तांब्याची घागर मोडीत घालतात आन् स्टीलचा डबा घेऊन खुशीत घरी जातात. मी काय म्हणणार? मी वजन करते आन् गप बसते. तसं गप बसणं मला जमत न्हाई म्हणा. नीलम्माचं तोंड वाईट हाय असं अख्खी गोलाई म्हणती. असू द्या. वाईट हाय, पण रोज धुते.

तेव्हा लातूर नवंनवं जिल्हा झालेलं. जिकडं तिकडं नव्या पाट्या, नवे साहेब, नव्या जिपा. जिल्हा झाला आन् पावसानं पाठ फिरवली. हापिसं वाढली, विहिरी आटल्या. माझ्या सासरच्या गावाला, पिंपळजवळग्याला, नागलिंगाच्या देवळामागं जुनी बारव हाय. ती आटल्याचं कुणाच्या आज्ज्यानं बी ऐकलं नव्हतं. त्या साली तिचा तळ दिसला. मग दुष्काळी कामावर तिचा गाळ काढायचं ठरलं, आन् गाळात निघाले ढब्बू. निजामाच्या वेळचे, काही त्याच्याही आधीचे, जाडजूड, फारशी अक्षरांचे. लोकांनी पिढ्यानपिढ्या नवस बोलून पाण्यात टाकलेले तांब्याचे पैसे. चांगलं घमेलं भरून निघाले. देवस्थानचा मुख्य पंच हाच गुरुपादप्पा. त्यानं घमेलं देवळाच्या कोठीत ठेवलं, कुलूप लावलं आन् किल्ली आपल्या करगोट्याला बांधली.

पुढं नव्या हापिसातनं माणूस आला, सापडलेली नाणी सरकारात जमा करा म्हणला. कोठी उघडली तर घमेल्यात मूठभर ढब्बू. बाकीचे गेले कुठं? गुरुपादप्पानं ऊर बडवून घेतला. "देवाचं चोरलं हो!" आन् लगोलग चोर बी शोधून काढला. कुलपाला ओरखडा न्हाई, किल्ली ह्याच्या कमरेला, आन् चोर कोण, तर धोंडाबाई!

धोंडाबाई म्हणजे गावची सुईण. माझी दोन्ही लेकरं तिच्याच हातावर झाली. आमच्याकडं लेकराची नाळ पडली की बेंबीवर ढब्बू ठेवतात, वरून एरंडेल आन् हळदीत भिजवलेली पट्टी घट्ट बांधतात, म्हणजे बेंबी फुगून वर येत न्हाई. महिना-दीड महिना झाला की ढब्बू परत सुईणीच्या पिशवीत जातो, पुढच्या लेकरासाठी. धोंडाबाईच्या पिशवीतले ढब्बू तिच्या सासूच्या सासूपासूनचे. पिशवी कायम तिच्या कमरेला. दुष्काळात सुईणीला सुपभर जवारी कोण घालणार, म्हणून ती बी बारवेच्या गाळावर कामाला जात होती. गुरुपादप्पाच्या माणसांनी भर कामावर तिची पिशवी हिसकली, उलटी केली, आन् ढब्बू खळखळ खाली पडले. झालं!

ती म्हणली माझे हायेत, कोण ऐकतंय? गावानं काय ठरवलं, तांब्यातलं नीलाक्काला कळतं, तिला विचारू. म्हणून हा बाबा आज माझ्या गादीवर.

"धोंडाबाई कुठाय?" मी विचारलं.

"हाय की बाहेर. उभी हाय."

भर दुपारी पायरीखाली उन्हात उभी केली होती तिला. डोकं सणकलं माझं. आत बोलावलं, माठातलं पाणी दिलं. गावात प्यायला पाणी न्हाई, धडधाकट माणसं आठ-आठ दिवस एकच कापड अंगावर घालून हिंडून राहिलेत, पण ह्या बाईचे हात बघावेत. नखं मुळापर्यंत कापलेली, बोटं राखेनं घासघासून पांढरी पडलेली. तिनं अर्धं पाणी प्यायलं आन् उरलेल्यानं हात धुतले. गुरुपादप्पा हिच्याहून मोठ्या घरचा, पण त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बगलेच्या खिशाखाली हिरवट काळा डाग, मळकट, तळहाताएवढा. शेवाळात लोळून आला का काय, असं माझ्या मनात आलं. नजर बाजूला केली.

"नीलाक्का," धोंडाबाई म्हणली, "काम न्हाई दिलं तरी चालतंय मला. पण चोरटी म्हणून नाव झालं तर बाळंतिणीच्या खोलीत मला कोण घेईल? बाई उघडी पडलेली असती, लेकरू उघडं, घरातलं डाग-डागिनं सगळं माझ्या नजरंसमोर. भरवशावर तर चालतंय ते. परवा वस्तीवरची पोर अडली, तर मला ओलांडून तिला बैलगाडीत घालून नेलं. वाटंतच बाळंत झाली ती. फुफाट्यात."

रडली न्हाई. 

मी गादीवर धुवट पंचा पसरला आन् गुरुपादप्पानं आणलेली धोंडाबाईची पिशवी रिकामी केली. गुरुपादप्पानं 'नमुना' म्हणून घमेल्यातला एक ढब्बू शेजारी ठेवला, तोच थुंकीचा. तो मी कागदात धरून उचलला.

माझं माहेर नांदेडचं. गोदावरीच्या घाटावर वडलांचं भांड्याचं दुकान होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की लोक वाळू चाळून नाणी काढायचे आन् वडलांना आणून विकायचे. वडील ओली नाणी तशीच कमरेला बांधून घरी यायचे आन् आई त्यांच्या धोतराच्या नावानं कडाकडा बोटं मोडायची. तांब्यावरची खूण बघायला मी तिथं शिकले. वाळूत घोळलेल्या नाण्याच्या कडा गोल होतात आन् रंग फिका पडतो. घर जळालं असलं तर नाण्यावर जांभळी तांबूस झाक येती. देव्हाऱ्यातल्या नाण्याच्या अक्षरांत कुंकू जाऊन बसतं, ते टोकरलं तरी निघत न्हाई. वडील म्हणायचे, रंग बघ आन् मग वास घे, तांबं कुठं राहून आलंय ते लपवत न्हाई.

आता बारवेतला ढब्बू बघा. काळाकुट्ट, खरबरीत, खड्ड्याखड्ड्यात हिरवं भरलेलं. पाण्याचा थेंब टाकून कागदानं चोळला तर सडक्या अंड्याचा वास. गाळात पडलेलं तांबं असंच होतं. आन् धोंडाबाईचे? खजुराच्या सालीवाणी तपकिरी, तेलकट चकाकी. एका अंगाची अक्षरं पार झिजून गुळगुळीत झालेली, ते अंग लेकरांच्या पोटाला लागत होतं. आन् दुसऱ्या अंगाला, जिथं पट्टी दाबून बसत होती, तिथं कापडाची वीण उमटलेली! उभा धागा, आडवा धागा, उजेडाला तिरका धरला की मोजून घ्यावा असा. अक्षरांच्या खाचेत हळद. एवढ्या वर्षांचं एरंडेल, घाम आन् दाब तिथं बसला होता. पाण्यात पडलेल्या नाण्याला असली खूण सात जन्मात यायची न्हाई.

माझ्या थोरल्याच्या पोटावरचा बी यातलाच एखादा असंल.

"काय मग?" गुरुपादप्पा पुढं सरकला. वास आला तंबाखूचा. हळूच म्हणला, "बारवेतली हायेत एवढं म्हणून टाक. देवळातली घंगाळं, समया मोडीत काढायच्यात. तुझ्याच दुकानात आणतो की." थोडं थांबून पुन्हा म्हणला, "आन् तुझ्या माहेरी, नांदेडला, असली काळी नाणी घेणारे कोण हायेत ग? आपलं सहज विचारलं. ही बाई तिकडंच विकून आली असंल."

तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. धोंडाबाई उभ्या जन्मात नांदेडला गेलेली न्हाई. देवाची समई मला लाच म्हणून देऊन राहिला होता हा माणूस, आन् कपाळाला इभूतीचे पट्टे! त्याला तिथंच सगळं सांगितलं असतं तर गावात पोचेपर्यंत त्यानं त्याचं भलतंच काही करून टाकलं असतं.

"सोमवारी गावात येते," मी म्हणले. "देवळात, सगळ्यांसमोर सांगते. नाणी हिच्याजवळच राहतील."

"वा! आन् हिनं बदलली तर?"

"बदलायला दुसरी कुठनं आणील? तुमच्या बारवेतनं? मग तर तुमचंच खरं ठरलं की."

मी पिशवी धोंडाबाईच्या हातात दिली आन् बजावलं, "जशी हायेत तशी सोमवारी घेऊन ये. ऐकलंस का? जशी हायेत तशी." तिनं मान डोलावली.

सोमवारी एस.टी.नं गेले. फाट्यापासून चालत. रान सगळं भगभगीत, जनावरांच्या हाडांचा वास वाऱ्यावर. देवळामागं बारवेकडं नजर टाकली तर आतनं उबट घाण वर येत होती. गाळाच्या ढिगावर कुत्री झोपलेली. देवळापुढं घागरींची रांग लागलेली, टँकर यायचा होता. आन् टँकरचं पाणी कुणाला आधी, कुणाला मागनं, हे कोण ठरवणार? गुरुपादप्पा. नव्या हापिसातनं टँकर त्यानं आणला म्हणं. सगळं गाव त्याच्या तोंडाकडं बघून राहिलेलं. मंडपात पुरुष एकीकडं, बाया एकीकडं. गुरुपादप्पा मधी, खांबाला टेकून. शर्ट तोच, आज वरून उपरणं घेतलेलं.

धोंडाबाई आली. न्हालेली, विटकं पण धुतलेलं लुगडं. नागलिंगाच्या समोर तिनं पदर पसरला, त्यावर पिशवी उलटी केली.

ढब्बू लखलख करत होते! लालगुलाबी, आरशासारखे. चिंचेचा वास माझ्या नाकापर्यंत आला. चिंच, मीठ, चुलीतली राख. घासून घासून तिनं त्या नाण्यांचा जीव काढला होता.

"धोंडे!" मी वरडलेच. "काय केलंस ग बाई हे?"

ती गोंधळली. "घासलं की. सोमवार हाय, नीलाक्का. देवापुढं मांडायचं, चार माणसांत दाखवायचं, मग काळं तांबं आणू व्हय? देव काय म्हणंल? घागरभर पाणी होतं घरात, ते यालाच घातलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. हिला बोलू तरी काय? मी सुद्धा देव्हाऱ्यातलं तबक काळं ठेवून सोमवारचं जेवत न्हाई. त्या मंडपातल्या कुठल्या बाईनं घासल्याशिवाय तांबं देवापुढं आणलं असतं? एकीनं न्हाई. जशी हायेत तशी म्हणजे चकचकीत, हे आमच्या हाडात बसलंय. पण वीण गेली होती. हळद गेली होती. चारपाच पिढ्यांच्या लेकरांचा घाम एका सकाळीत मोरीतनं वाहून गेला होता.

गुरुपादप्पा खांबापासून सुटा झाला. ओंजळीत ते ढब्बू उचलले, बोटांनी खालीवर केले. "बघा मंडळी! चोराची हुशारी बघा. खुणा पुसून आणल्या. का ग? मनात पाप नव्हतं तर घासायला कामून बसलीस?" आन् सवयीनं एक ढब्बू अंगठ्याला थुंकी लावून चोळला. देवापुढं!

मी उठले. वीण सांगितली, हळद सांगितली, नांदेड सांगितलं, सगळं सांगितलं. लोक ऐकत होते, पण नजरा गुरुपादप्पाकडं. तो शांतपणे म्हणला, "आक्का, तू म्हणतीस ती वीण कुठाय? दाखव की." मागनं कुणीतरी खसखसलं. एका म्हाताऱ्यानं तर म्हणून टाकलं की बाईबाईची मिलीभगत हाय. तोंडात मारल्यासारखं झालं मला. धोंडाबाईनं माझ्याकडं बघितलं, आन् आपण काय करून बसलो ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तिचा चेहरा मला बघवला न्हाई.

मग माझ्या डोक्यात आलं. सुईणीचे सगळे ढब्बू एका वेळी पिशवीत कधी नसतात.

"धोंडाबाई, आत्ता कुणाच्या लेकराला बांधलाय का एखादा? बिनघासलेला?"

तिची मान खाली.

"अगं बोल की! एक ढब्बू तुला सोडवील."

"न्हाई," ती म्हणली. "कुणाला न्हाई."

खोटं बोलत होती. मी बायांकडं बघितलं. सगळ्या आपापल्या घागरीच्या काठाकडं बघत होत्या. पुरुषांकडं बघितलं, ते बारवेकडं बघत होते. अख्ख्या गावाला ठाऊक होतं कुणाच्या घरी पाळणा हललाय ते. लातूरला राहणाऱ्या मला एकटीला ठाऊक नव्हतं. घागरभर पाण्यापायी मूग गिळून बसले होते सगळे. शी! मला त्या मंडपात बसवेना. जनावरांच्या हाडांचा वास परवडला.

"इथं हाय."

बायांच्या मागनं आवाज आला. एक पोरसवदा बाळंतीण, डोक्याला फडकं बांधलेली, कुशीत लेकरू. गौरम्मा. गुरुपादप्पाची सून. घर देवळाला लागूनच. आमच्या लिंगायतांत बाळंतिणीचा विटाळ मानत न्हाईत, त्यामुळं ती थेट मंडपात आली तरी कुणी तोंड वाकडं केलं न्हाई. लेकराच्या गळ्यात बारकं लिंग बांधलेलं, आन् पोटावर पिवळी पट्टी.

"गौरम्मा, आत जा!" गुरुपादप्पा गरजला.

"जाते मामा. आधी हे बघून घेऊ द्या." ती जागची हलली न्हाई. "बारवेच्या गाळात पहिली कुदळ पडली त्याच्या आधीचा हा ढब्बू हाय. धोंडामायनं माझ्या लेकराला ह्याच पिशवीतनं काढून बांधला. हे चोरीचं असंल तर देवाची चोरी तुमच्या नातवाच्या पोटावर हाय. आन् नसंल तर तसं म्हणा."

धोंडाबाई धावली. "सोडू नको ग पट्टी! बेंबी वर येईल त्याची. अजून वली हाय ती. म्हणून तर बोलले न्हाई मी!"

ऐकलंत? तिचं नाव मातीत चाललं होतं, आन् हिला काळजी त्या माणसाच्या नातवाच्या बेंबीची.

गौरम्मानं गाठ सोडली. मी पदरानं हात पुसून ढब्बू घेतला. तेलानं माखलेला, तपकिरी, कोमट. उजेडाला तिरका धरला. उभा धागा, आडवा धागा. अक्षरांत हळद. मी तो घेऊन एकेकाच्या नाकासमोर गेले, त्या खसखसणाऱ्याच्या तर डोळ्याला लावायचा बाकी ठेवला. "बघा. ही वीण. बारवेत कुणी पट्टी बांधून ठेवतं का? बघितली का न्हाई? तोंडानं सांगा!" म्हाताऱ्यानं बघितली, दोनदा बघितली आन् "हाव बाई, वीण हाय" असं पुटपुटला.

गुरुपादप्पा लाजला असंल असं वाटतं का तुम्हाला? छे! हसला तो. "मग झालं तर! गैरसमज झाला. आपलीच माणसं हायेत सगळी. धर ग धोंडाबाई तुझे ढब्बू, उद्यापासनं कामावर ये." आन् ओंजळीतले ढब्बू त्यानं तिच्या हातावर ओतले. पुढं वाकला तसं उपरणं खांद्यावरनं घसरलं.

तो डाग. तळहाताएवढा, हिरवा, काळी कड. वडलांच्या धोतराला कमरेपाशी असेच असायचे. ओलं तांबं कापडात बांधून घामात वागवलं की कापड हिरवं होतं, आन् ते साबणानं, सोड्यानं, कशानं निघत न्हाई. त्याच्या सुनेनं बी घासला असंल बिचारीनं.

"गुरुपादप्पा," मी म्हणले, "खिशाला काय लागलंय?"

त्यानं खाली बघितलं.

"ते बारवेतल्या तांब्याचं हिरवं हाय. कोठीची किल्ली तुमच्या करगोट्याला, आन् गाळातलं तांबं तुमच्या खिशाला. नांदेडला काळी नाणी कोण घेतं ते मला विचारत होता ना? घेणारा सापडला वाटतं! घमेलंभर देव विकलात, आन् नाव सुईणीचं!"

सगळ्यांनी डाग बघितला, अगदी टक लावून बघितला. मला वाटलं, आता कुणीतरी उठंल. एक तरी माणूस म्हणंल, काय हो हे. तेवढ्यात फाट्याकडनं टँकरचा भोंगा वाजला. आन् माणसं उठली, पण घागरी घेऊन. मंडप रिकामा. रेटारेटी, शिव्या, घागरीवर घागर. गुरुपादप्पानं उपरणं नीट केलं, डाग झाकला आन् टँकरपाशी जाऊन उभा राहिला, दर सोमवारी राहतो तसा. "ओळीनं! ओळीनं या!" थू! मी मंडपातनं बघत उभी राहिले.

त्यानं वळून मोठ्यांदा हाक मारली, सगळ्यांना ऐकू जावी अशी. "धोंडाबाईला आधी भरू द्या रे! तिची घागर पुढं घ्या." लोक लगेच बाजूला झाले. एकानं तर कौतुकानं मान डोलावली.

धोंडाबाई गेली. घागर भरली. त्या उन्हाळ्यातली पहिली काठोकाठ भरलेली घागर असंल तिची. ती घेऊन देवळाच्या पायरीवर आली. तिथं गौरम्मा लेकराला मांडीवर घेऊन बसलेली, पोट उघडं, बेंबी ओली. घरातनं आणलेली एरंडेलाची वाटी तिच्याजवळ. धोंडाबाईनं देवळाच्या चुलीतली मूठभर राख घेतली, खाली बसली, घागर कलती केली आन् हात धुवायला लागली. कोपरापर्यंत. बोटांच्या बेचक्यातनं, नखांतनं. पाणी पायरीवरनं धुळीत वाहायला लागलं. घागर अर्धी झाली तरी थांबंना.

टँकरपाशी गलका झाला. "अगं पाणी हाय ते! येडी झाली का ही?" बाया छातीवर हात ठेवून बघत होत्या. गुरुपादप्पा तरातरा आला. "काय चाललंय धोंडाबाई? प्यायला पाणी न्हाई गावात, आन् तू अख्खी घागर हातावर ओतून राहिलीस?"

तिनं तळाचं पाणी बी ओतलं. रिकामी घागर बाजूला ठेवली.

"काय करू मालक," ती म्हणली, आवाज बी चढवला न्हाई तिनं, "मघाशी ढब्बू तुमच्या हातातनं घेतले. त्याच हातानं लेकराच्या वल्या बेंबीला कसं शिवू?"

मग तिनं हात वाऱ्यावर वाळवले. माझ्याकडनं तो तपकिरी ढब्बू मागून घेतला, एरंडेलात बुडवला, त्याच्या नातवाच्या पोटावर ठेवला आन् पट्टी बांधली. गाठ मारताना वाकून लेकराला म्हणली, "लागलं का रं राजा?"